ओरडेल त्याला तेल

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. लिंबू चिरडलं, गाडी थांबली नाही!

केसरीनाथांनी, म्हणजे आमच्या यांनी, सालाबादप्रमाणे सकाळी मोटरसायकलला न्हाऊ घातलं – स्वतःच्या आधी. हँडलला झेंडूचा हार, दिव्याला कुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू आणि टाकीवर नात. उन्नती सात वर्षांची आहे. रोज शाळेत जाते ती याच टाकीवर, आजोबांच्या दोन हातांमध्ये बसून. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, गाडी लिंबावरून पुढे गेली – आणि जातच राहिली. आमची गल्ली जरा उताराची. केसरीनाथ ब्रेक दाबत होते, निदान त्यांचं म्हणणं तसं. गाडी हारफुलांसकट समोरच्या गोदूबाईची रांगोळी तुडवत गेली आणि तिच्या पाण्याच्या पिंपाला टेकून उभी राहिली.

सगळे हसले. उन्नती सर्वांत मोठ्याने. गोदूबाई म्हणाली, "आज गाडी आपणहून सोनं द्यायला आली गो!"

मी हसले नाही. पिंपाच्या जागी कंटेनरचा ट्रक ठेवून बघितला – मनातल्या मनात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग म्हणजे लूम बंद, म्हणून आज गल्लीत माणसांचे आवाज ऐकू येतात. बोलायला चांगला दिवस.

"अहो, गाडीला ब्रेक लागतो का?"

"लागतो की."

"मग काल?"

"काल सण होता."

मी सरळ सांगितलं – ब्रेक नीट होईपर्यंत उन्नती त्या गाडीवर बसणार नाही. शाळेत मी रिक्षाने नेईन.

केसरीनाथांचा चेहरा पडला. नातीला शाळेत सोडणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा एकमेव मान. सून मनाली सकाळी सातला वळ गावच्या गोदामात ड्युटीवर जाते. मुलगा राकेश रात्रपाळी करून येतो तो आडवा होतो. तेव्हा उन्नती आणि आजोबा, आजोबा आणि गाडी.

"माझ्यावर भरोसा न्हाय तुझा?"

"तुमच्यावर आहे. गाडीवर नाही."

"गाडी आन् मी येगलं हाव काय?"

"हो. तुम्हाला बरं नसलं तर मी डॉक्टरकडे नेते. गाडीला बरं नसलं तर तुम्ही हार घालता."

४ ऑक्टोबर, शनिवार

रिक्षात उन्नतीची उलटतपासणी केली. मूल खोटं बोलत नाही, फक्त लांबण लावतं.

"गाडी थांबवताना आजोबा काय करतात गं?"

"आधी म्हणतात, थांब गं बाई. मग गाडी उं उं करते. मग पाय लावतात."

"पाय कुठे?"

"रस्त्याला! दोन्ही. चपला घासतात ना, मस्त आवाज येतो."

"आणि तू?"

"माझं काम ओरडायचं. बाजूलाआ!"

म्हणजे गिअर उतरवणे हा पहिला ब्रेक, चपला हा दुसरा आणि माझी नात हा हॉर्न!

संध्याकाळी मनालीला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, बाबा चपलेनेच थांबवतात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." वर्षाकाठी यांच्या तीन-चार जोड चपला फाटतात. मी समजत होते, निवृत्तीनंतर चालणं वाढवलंय. शेजारणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं!

६ ऑक्टोबर, सोमवार

नारपोलीत मुदस्सिरच्या गॅरेजवर गेले. केसरीनाथ बरोबर, पण चार पावलं मागे – दाताच्या डॉक्टरकडे नेल्यासारखे. मुदस्सिर पस्तिशीचा, बोलण्यात गोड, कामात कमी. एकदा हँडल हलवलं, एकदा ब्रेक दाबला, मान डोलावली.

"मावशी, गाडी पुरानी आहे पण दिल मजबूत आहे."

"दिल नको. ब्रेक बघा."

"ब्रेकचं काय आहे मावशी, भिवंडीत गाडी ब्रेकने नाय थांबत. हॉर्नने थांबते. समोरचा थांबला की आपल्याला थांबायची गरजच काय?"

केसरीनाथ पहिल्यांदा पुढे आले. "आता कसा बोललास!"

दोघांनी मिळून मला समजावलं. ट्रॅफिक असा, की वीसच्या वर वेग जात नाही. खड्डे असे, की गाडी आपोआप हळू होते. पालिकेने खड्डे ठेवले ते उगाच नाही. शेवटी मुदस्सिरने नवा हॉर्न बसवला. "मावशीसाठी स्पेशल."

७ ऑक्टोबर, मंगळवार

हॉर्न उत्तम आहे. मी कामाला होते त्या सायझिंगमधल्या, म्हणजे धाग्याला खळ लावायच्या कारखान्यातल्या, पाळीच्या भोंग्याची आठवण झाली. गाडी थांबत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा मुदस्सिर. आज मी त्याच्या स्टुलावर बसले आणि सांगितलं, चाक माझ्यासमोर उतरवा, तोवर उठणार नाही. त्याने चहा मागवला. मी चहा प्यायले आणि बसून राहिले. गिऱ्हाइकं यायला लागली, माझ्याकडे बघायला लागली. मग त्याने पाना उचलला.

मागचं चाक निघालं. ब्रेकची प्लेट काढली आणि आतून काळं तेल ओघळलं. थेंब नव्हे – ओघळ! ब्रेकच्या दोन्ही शूंवरचा खरखरीत थर भज्यासारखा तेल पिऊन बसलेला. ड्रम आतून आरशासारखा चकचकीत. पुढच्या चाकाची तीच गत, वर केबलच्या तारा तुटत आलेल्या.

मुदस्सिरने बोट फिरवून वास घेतला. "मावशी, तेल इथे येऊच शकत नाय. कोणीतरी टाकलंय."

मी केसरीनाथांकडे बघितलं. ते नव्या हॉर्नकडे बघत होते.

"अहो?"

"ओरडत व्हता," ते म्हणाले.

"कोण?"

"ब्रेक. दाबला का ओरडायचा. मग फटीतना तेल सोडला. गप जाला."

चाळीस वर्षं लूमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे. लूमवर जे ओरडेल त्याला तेल, हा त्यांचा धर्म. पिकर ओरडला, तेल. गिअर ओरडला, तेल. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा कुप्पी घेऊन शेडभर फिरायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. निवृत्त झाले तरी शुक्रवार सुटला नाही. आमच्या घरात एक बिजागरी कुरकुरत नाही. मला याचा अभिमान होता – होता!

"अहो, लूमचं काम न घासता चालणं. ब्रेकचं काम घासणं. त्यालाच तुम्ही तेल पाजलंत!"

"पन आवाज गेला ना?" त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं. हेच तर भयंकर.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नऊला केसरीनाथ कुप्पी घेऊन बाहेर पडले. मी म्हटलं, आपली गाडी तर गॅरेजवर, हे चालले कुठे? खिडकीतून बघितलं.

गोदूबाईच्या दारात तिचा मुलगा नवशा गाडी स्टँडवर लावून उभा. गोदामातले पार्सल पोचवतो, दिवसभर गाडीवर. केसरीनाथ वाकले, मागच्या ड्रमच्या फटीत नळी घातली आणि टिक् टिक् दोनदा दाबली. नवशाने चाक फिरवलं. "एकदम मख्खन, काका!" मग पुढची गाडी. मग त्याच्या पुढची.

ही सेवा सहा वर्षं चालू आहे. मोफत! मला वाटायचं लोक गप्पा मारायला थांबतात.

म्हणूनच आमच्या गल्लीत एकही ब्रेक ओरडत नाही. गल्लीला त्याचा केवढा अभिमान! गोदूबाई पाहुण्यांना सांगते, "आमच्याकडं बगा, गाडी आली का गेली कलत न्हाय."

खरं आहे. कळायच्या आत येते.

१२ ऑक्टोबर, रविवार

परवा कुप्पी मागून घेतली तेव्हापासून केसरीनाथ बोलत नाहीत. फक्त "हं". आज मुद्दाम जेवणात मीठ टाकलं नाही. "हं" करून जेवले.

आमची ओळखच भांडणातून झाली. मी बी.एस्सी., सायझिंगच्या प्रयोगशाळेत खळीचा घट्टपणा मोजणारी एकटी बाई. हे एक दिवस तुटलेल्या धाग्यांचा गुंता हातात घेऊन आले – "मॅडम, तुमच्या खलीत भेसल हाय, माझा धागा तुटतो." मी सर्वांसमोर तपासून दाखवलं, खळ बरोबर, यांच्या लूमचा ताण जास्त. यांनी मान्य केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताण उतरवला आणि कोणाला सांगितलं नाही. मी त्यावरच लग्नाला हो म्हटलं. लोक म्हणाले, बी.एस्सी. आणि जॉबर! खारबावच्या सासूबाई म्हणाल्या, "शिकलेली हाय पन भाकरी बरी थापते." तेव्हापासून गल्लीतल्या जुन्या माणसांसाठी मी मॅडम. यांच्यासाठीसुद्धा.

तेव्हा "हं" चालू दे. ताण उतरेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मुदस्सिर म्हणतो नवे शू कशाला, जुन्यांवर पेट्रोल टाकून काडी लावू, तेल जळून कोरे होतील. "सगळे असंच करतात, मावशी."

मी म्हटलं, करा. पण आधी तुमच्या मुलीला त्या गाडीवर बसवून उड्डाणपुलावरून उतरून दाखवा.

नवे शू मागवले. नव्या स्प्रिंगा, पुढची केबलसुद्धा. मुदस्सिरने मनालीला फोन करून विचारलं म्हणे, "मावशी आधी पोलिसात होत्या का?"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उन्नतीला दिवाळीची सुट्टी लागली. म्हणजे तीन नोव्हेंबरपर्यंत अवधी आहे.

दोन्ही चाकं रिक्षात घालून घरी आणली. मुदस्सिर फडक्याने पुसून देणार होता, त्याचं फडकं ड्रमपेक्षा तेलकट. बेअरिंगवर प्लॅस्टिक बांधलं, पेट्रोलने पुसून काढलं, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. धुण्याचा सोडा घेतला नाही, ॲल्युमिनियमला तो खातो. नव्याने धुवायचं, बोट फिरवायचं, अजून बुळबुळीत, पुन्हा. शेवटी बोट कर्र वाजलं. मग आतून काचपेपर फिरवून चकाकी मोडली.

केसरीनाथ दारात उभे राहून बघत होते. चाळीस वर्षं ज्यांनी लोखंड गुळगुळीत ठेवलं त्यांच्यासमोर मी ते खरखरीत करत होते. त्यांना बघवेना. तरी गेले नाहीत. मग हळूच बसले, माझ्या हातातून काचपेपर घेतला आणि माझ्यापेक्षा दुप्पट एकसारखं घासलं. बोलले एवढंच – "उलटा काम हाय सगला."

"हं" संपलं!

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. मुदस्सिर दिवाळीनंतर म्हणाला, म्हणून चाकं घरातच. केसरीनाथांनी ती पाटावर ठेवली, लक्ष्मीच्या डावीकडे. मी म्हटलं, हळदकुंकू बाहेरून लावा, आत एक कण गेला तर याद राखा. लक्ष्मीसमोर मोठ्याने बोलू नये म्हणे. मी बोलले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चाकं बसली. शू उघडणाऱ्या कॅमवर तांदळाएवढं ग्रीस, बाकी सगळं कोरडं. मी उभी होते. केसरीनाथही होते आणि यावेळी चार पावलं पुढे होते. मुदस्सिर म्हणाला, "मावशी, नवा शू आहे. थोडे दिवस हळू चालवा. बसायला वेळ लागतो." एवढं एक वाक्य त्याने मन लावून सांगितलं.

केसरीनाथ हळूहळू चालवत घरापर्यंत आले आणि दारात ब्रेक लावला. गाडी ओरडली!

सगळी गल्ली दारात. सहा वर्षांत असा आवाज कोणी ऐकला नव्हता. गोदूबाईने कानांवर हात ठेवले. "काय गो मॅडम, गाडी दुरुस्त करायला नेली का डुक्कर आनला?"

केसरीनाथ लाजेने चूर. त्यांची स्वतःची गाडी! जॉबरची! रात्री जेवताना म्हणाले, "एकच थेंब सोडतो."

मी कुप्पी आधीच कुलपात ठेवली होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

पडले.

एकटेच होते, देवाची कृपा. कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली. यांनी इतक्या वर्षांच्या सवयीने उजवा पाय पेडलवर सगळा भार टाकून मारला – आणि ब्रेक लागला. खरोखरचा लागला! मागचं चाक जाम, गाडी आडवी, केसरीनाथ कोपरावर. कोपर सोललं, गुडघा सुजला, पँट गेली. रिक्षावाला उतरून उचलायला आला तर त्याला म्हणाले, "तू जा. माझ्या गाडीला ब्रेक हाय."

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ब्रेक बदलला, पाय तोच राहिला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गल्लीचा निकाल लागला.

गोदूबाई – "इतकी वर्सं ब्रेक नव्हता, एक ओरखडा न्हाय. ब्रेक घातला आन् पडला!"

नवशा – "काकी, जास्त ब्रेक डेंजर असतो. कंपनीवाले मुद्दाम कमी देतात."

कोणीतरी म्हणालं, त्यांच्या ओळखीचा एकजण ब्रेकमुळे गेलाच.

मी म्हटलं, नवशा, तुझ्या गाडीचे शू बदल. मुदस्सिर अर्ध्या दिवसात करतो. तो म्हणाला, "बघू काकी, सीझन संपू दे." दिवाळी संपली, आता लग्नाचा सीझन. मग ईदचा. मग शाळेचा. भिवंडीत सीझन संपत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज घरात मोठं भांडण झालं. झालं तसंच लिहिते.

बाजारातून आले तर केसरीनाथ लंगडत लंगडत नवशाच्या गाडीशी वाकलेले. हातात नवीन कुप्पी! गल्लीने वर्गणी काढून घेऊन दिली होती. नवशाचा ब्रेक पुन्हा किंचित ओरडायला लागला होता आणि आमच्या गाडीच्या उदाहरणावरून सगळी गल्ली घाबरलेली. म्हणजे मी इतके दिवस जे शिकवलं त्यातून लोक एवढंच शिकले – वेळेवर तेल घाला, नाहीतर ब्रेक लागेल.

घरात ओढून आणले.

"तुम्हाला कळलंय ना आता? डोळ्यांनी बघितलंत ना ते तेल?"

"बघितला."

"मग?"

"आपला येगला, लोकांचा येगला. ते मागतात. मी न्हाय बोलू? सहा वर्सं कोनाला न्हाय बोललो न्हाय."

"त्या गाड्यांवर माणसं बसतात!"

केसरीनाथ शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुझी अट काय व्हती? उन्नती बसेल त्या गाडीला ब्रेक पायजे. उन्नती नवशाच्या गाडीवर बसते काय?"

मी नवीन कुप्पीही कपाटात कोंडली आणि जोरात दार लावलं. दाराचा आवाज आला नाही. बिजागरीत तेल आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

वळ गावात मनालीच्या गोदामामागे ट्रक उभे करायची मोकळी जागा आहे. रविवारी रिकामी. मनालीने वॉचमनला सांगून ठेवलं – "सासूबाई सासऱ्यांची परीक्षा घेणार आहेत." वॉचमनने मला खुर्ची आणून दिली, पंखासुद्धा आणत होता.

खडूने रेघ मारली. दुरून यायचं, रेघेवर थांबायचं. चाक घसरलं तर नापास.

पहिल्यांदा घसरलं. दुसऱ्यांदा रेघ ओलांडून बरेच पुढे – भीतीने दाबलाच नाही. तिसऱ्यांदा सवयीने दोन्ही चपला जमिनीवर!

"पाय वर!" मी ओरडले.

"बाई, आपोआप जातो गो तो!"

चौथ्यांदा पुन्हा घसरलं. चिडून उतरले. "बंद. मना न्हाय जमत. सहासष्ट वर्सांच्या मानसाला काय शिकवतेस?"

मी विचारलं, "लूमवर तुटलेला धागा जोडताना किती जोर लावायचात?"

"जोर कशाला? जोर लावला का दुसरा तुटेल. बोटाला कलतो तो."

"मग पायाला कळू द्या."

ते थोडा वेळ पायाकडे बघत राहिले, जणू नवीनच दिसला. मग गेले, आले. घसरलं नाही. रेघेच्या हातभर पुढे.

नापासच. पण मी खुर्चीतून उठले.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. रिक्षा. उन्नती शाळेपर्यंत एक शब्द बोलली नाही माझ्याशी. आजोबांवर गेली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

पास!

दहा वेळा सांगितलं, दहाही वेळा रेघेवर. शेवटच्या वेळी मी न सांगता मध्येच पाण्याची बाटली घरंगळत सोडली. थांबले. पाय पेडलवर, हात क्लचवर, चपला जागच्या जागी. गाडी थोडी ओरडली. त्यांनी मान तिरकी करून तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "ओरडतो तवा लागतो." असं म्हणाले, जसा शोध त्यांचाच.

त्यांचाच म्हणते मी. माझं काय जातं?

वॉचमनने टाळ्या वाजवल्या. परत येताना मी मागे बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून.

१० नोव्हेंबर, सोमवार

उन्नती शाळेत गेली. टाकीवर नाही – मागे, आजोबांच्या कंबरेला विळखा घालून. दोघांनाही हेल्मेट. उन्नतीचं गुलाबी. तिला वाईट एवढंच वाटलं, की आता "बाजूला" ओरडायची नोकरी गेली.

कोपऱ्यावर ब्रेक लावला, गाडी किंचाळली, गोदूबाईने दारातून हात जोडले. "निगाली मॅडमची रेल्वे!"

मी ओट्यावर उभी राहून बघत होते. कोणाला सांगणार नाही, पण आज मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या गावात निदान एक गाडी अशी आहे, जी थांबते. नातीला कशाची भीती नाही.

संध्याकाळी पुन्हा नवशाला हटकलं. "काकी, शुक्रवारी बघतो, नक्की." पार्सलांचा डोंगर बांधून सूं करून गेला. आवाज अजिबात नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या वळणावर पुढचा टेम्पो अचानक रिव्हर्स आला. केसरीनाथ थांबले. वेळेवर, न घसरता. मागे नवशा होता. तो थांबला नाही.

उन्नतीच्या पायाचं हाड मोडलं आहे. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. ती शुद्धीत आहे, बोलते आहे, "आजोबांनी बरोबर थांबवलं" असं डॉक्टरांना सांगते आहे. नवशाला खरचटलं फक्त.

दुपारी दवाखान्यातून आल्याबरोबर केसरीनाथ पाना घेऊन बाहेर गेले. कोणाला न विचारता नवशाच्या गाडीचं मागचं चाक उतरवायला लागले. माणसं जमली. एकजण म्हणालाच, "काका एकदम थांबले म्हणून लागला, न्हायतर..."

"गप रं!" गोदूबाई म्हणाली. आत गेली, पाट घेऊन आली, केसरीनाथांच्या मागे ठेवला. दुसरा पाट त्याच्या शेजारी.

मी गरम पाणी आणि साबण घेऊन बसले. पुढच्या दोन गाड्या लोकांनी आपणहून ढकलत आणल्या आहेत.

हात तेलकट आहेत. इथेच थांबते.